तुम्हाला सांगायचं ते बांडीला सांगितलं

अहो, आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सही आणि वाणसामानाची यादी यापलीकडे हात वळला नाही. ती यादी हातात घेऊन तुम्ही म्हणायचात, "ही यादी हाय का अंगणातनं कोंबडी गेलीया?" तेव्हा जिथं चुकलं असेल तिथं माफ करा आणि तुमचं तुम्ही सुधारून वाचा. हे दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

दहावा झाला, तेरावा झाला, माणसं येऊन गेली, त्यालाही आता बरेच महिने झाले. तुम्ही कसे होतात ते मला येऊन सांगत होती, जणू मी तुम्हाला ओळखत नव्हते. मी मान हलवत राहिले. मला त्यातलं काही लिहायचं नाही. त्या सोमवारच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र लिहायचे आहेत. आपण दवाखान्याची तयारी करत होतो आणि एकीकडे भांडत होतो. मी तुमच्यासोबत मंचरला यायचं की घरी आपल्या बांडी गाईपाशी राहायचं, एवढंच भांडण होतं. ते अर्धं राहिलं.

तुमच्या पायांवर पुन्हा सूज चढली होती. चप्पल पायात जाईना. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून गोधड्यांची चवड पाठीशी घेऊन तुम्ही बसूनच झोपायचात. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, रोज सकाळी वजन करा, अंगात पाणी साठलं की वजन वाढतं. आपल्याकडं कुठला आलाय वजन करायचा काटा? मग कांदा साठवायच्या बराखीतला गोण्या मोजायचा काटा तुम्ही पुढं ओढलात आणि रोज त्याच्यावर उभे राहू लागलात. मी आकडा वाचायची. तुम्ही म्हणायचात, "बारदान वजा कर." म्हणजे धोतर-सदऱ्याचं वजन. मी म्हणायची, "अडत पण कापू का?" तुम्हाला हसू यायचं आणि हसलं की खोकला यायचा, म्हणून मी नंतर तसं म्हणायचं सोडलं. त्या आठवड्यात पोटात अन्न जात नव्हतं आणि काटा पुढं पुढं चालला होता.

ओतूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हृदय थकलंय, पाणी भरतंय, मंचरला आठवडाभर ठेवावं लागेल. सोमवारी खाट मिळेल. तोवर गोळ्या वाढवून दिल्या आणि मला वेगळं सांगितलं, दम वाढला तर सोमवारची वाट बघू नका, असाल तसे निघा. दम वाढला नाही. उलट रविवारी तुम्ही अंगणात दोन फेऱ्या मारल्यात. म्हणून आपण थांबलो. यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये.

डॉक्टरांकडून आल्या आल्याच तुम्ही ठरवून टाकलंत.

"या खेपेला तू घरी ऱ्हायचं. नितीन कंपनीत रजा टाकतोय. पोरगा ऱ्हाईल माज्यापाशी."

"आन् मी?"

"तू बांडीपाशी."

तुमचं म्हणणं मला कळत होतं. आदल्या वर्षी मी आठ दिवस दवाखान्यात तुमच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिले होते. इकडं शेजारची मंदा धार काढायला येत होती. तिचा हात चांगला आहे, पण बांडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात माहीत नव्हता. तिनं पान्हा चोरला, दूध कासेत तसंच राहिलं आणि दगडी झाली, कास सुजून दगडासारखी घट्ट. डॉक्टर आणला तोवर एक सड कायमचा बंद पडला. मंदा रडली होती. तुम्ही तिला एका शब्दानं बोलला नाहीत. पण घरी आल्यावर पहिल्यांदा गोठ्यात गेलात, आणि त्या आटलेल्या सडावर हात ठेवून बराच वेळ बसलात.

मी म्हणाले, "बांडी इका. बेल्ह्याच्या बाजाराला न्या न्हाईतर व्यापाऱ्याला घरी बोलवा. दवाखान्याचा खर्च बी निघंल आन् मला बी येता यील."

"गाय इकून मी बरा झालो तर घरी येऊन करू काय? बाजंवर बसून तुज्या तोंडाकडं बघू?"

बघा की, इतक्या वर्षांत कधी बघितलंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही. मला कधी वेळेवर बोलता आलं नाही. डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलं होतं, स्वयंपाकघरात जाऊन मी बिनमिठाची चटणी कुटत बसले. तीच चटणी तुम्ही रात्री चाखून म्हणालात, "लसणाची राख लई झ्याक झालीया."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला धार काढायला बसवलंत. शेण-वैरण इतकी वर्षं मी केली, पण धारेला कधी बसले नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षात तेव्हाच्या गाईनं मला लाथ मारली होती, त्यानंतर तुम्हीच म्हणाला होतात, धार माझ्याकडं. तुम्ही गोठ्याच्या तोंडाशी खुर्ची घेतलीत, बिबट्या आत येऊ नये म्हणून बसवलेल्या जाळीला पाठ टेकलीत आणि तिथूनच हुकूम सोडायला लागलात.

"वासरू आधी लाव. आता वढ. आता कास धू, कोमट पान्यानं. अंगठा दुमडू नको, मुठीनं पिळ. हात गार हाय तुजा, चोळ आधी."

बांडी पाय आपटत होती. बादलीत थेंब नाही.

"तिच्याशी बोल," तुम्ही म्हणालात. "मुक्यानं कुणी धार काढतं का? तिला कळाया नको कोन बसलंय?"

"काय बोलू?"

"काय बी. मला सांगत न्हाईस ते सांग तिला."

तुम्ही थट्टेनंच म्हणालात. पण तुमच्याकडं माझी पाठ होती आणि माझं कपाळ बांडीच्या पोटाला टेकलेलं होतं, तिचं अंग गरम होतं. मला तुमचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मला बोलता आलं.

"बाई बांडे, यांना सांग, मला बी दवाखान्यात यायचंय."

तुम्ही मग मागून म्हणालात, "बांडे, तिला सांग, खाट एकच असती."

"बांडे, सांग त्यांना, मी खाली झोपंन. मागल्या साली झोपले व्हते."

"बांडे, तिला सांग, मागल्या साली तुजा एक सड गेला."

"सांग बाई त्यांना, तुजा एक गेला तरी तीन ऱ्हायले. मला मानसं किती हायेत?"

त्यावर तुम्ही खोकलात. मग म्हणालात, "हात थांबवू नको. पान्हा सोडलाय तिनं."

खरंच सोडला होता. बादलीत धारेचा आवाज येत होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर दोन्ही वेळा तसंच चाललं. घरात आपण जेवण-गोळ्या-पाणी एवढंच बोलायचो आणि गोठ्यात बांडीला मधे घालून भांडायचो. मी तिला सांगितलं की इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. तुम्ही तिला सांगितलंत, "बघत व्हतो, पर ती खाली बघायची, मंग मला केसाचा भांगच दिसायचा." मी तिला सांगितलं, नितीनला तुमच्या गोळ्यांतली सकाळची कुठली, रातची कुठली ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, त्याला वाचता येतं. मी म्हणाले, वाचता येतं, पण तुम्ही गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकता ते त्याला कुठं ठाऊक? तेव्हा तुम्ही मोठ्यानं हसलात. अहो, ते दोन-तीन दिवस मला चांगले गेले. असं लिहावं की नाही कळत नाही, पण गेले.

शनिवारी बचत गटाची बैठक होती. त्या गटाला तुम्ही बायकांची चहापुरती बँक म्हणायचात. मी इतकी वर्षं महिन्याचे पैसे भरून भिंतीला टेकून बसायची आणि घरी यायची. कर्ज कधी उचललं नव्हतं, कारण मागायला उभं राहावं लागतं. नितीनचे पैसे घराच्या हप्त्यात अडकलेले, कांदा अजून बराखीत, भाव नाही. मंदाच गटाची सचिव. तिला मी आधी कानात सांगून बघितलं. ती म्हणाली, "न्हाई हां वैनी, तुमीच सांगायचं, सगळ्यांम्होरं. न्हाईतर मी मांडनारच न्हाई."

मी उभी राहिले. म्हणाले, "यांना न्यायचंय." आणि खाली बसले.

मंदा म्हणाली, "कुठं न्यायचंय? जत्रंला का?"

बायका हसल्या. मग मी परत उभी राहिले आणि सांगितलं. दवाखाना, मंचर, सोमवार. कुणी पुढं काही विचारलं नाही, कर्ज लगेच दिलं. घरी येऊन पैसे तुमच्यापुढं ठेवले, तर तुम्ही ते मोजले नाहीत. म्हणालात, "उभी ऱ्हायलीस? तू?" आणि मला परत परत तेच सांगायला लावलंत, कोण कुठं बसली होती, मी काय बोलले. संध्याकाळी बांडीला सांगितलंत, "तुजी मालकीन आता सरपंच व्हतीया, दूध जपून दे."

रविवारी पिशवी भरली. सतरंजी, कानटोपी, स्वेटर, तुमचं ताट आणि तांब्या, जुने रिपोर्ट, आधार कार्ड. पाण्याच्या बाटलीवर मी दोऱ्यानं खूण बांधली, दिवसाला तेवढंच प्यायचं होतं. नितीनला फोन करून बजावलं, भेटायला येणारा जो तो शहाळं आणील, ते यांना देऊ नको. आदल्या वर्षी मला पाहुण्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि शहाळं तर तुम्हाला चालत नव्हतं. मग पाहुण्याची पाठ वळली की मीच पिऊन टाकायची. दिवसाला तीन-तीन. तुम्ही खाटेवरून बघत म्हणायचात, "आजारी मी आन् बाळसं हिला." मला तेव्हा अशी सर्दी झाली होती की नर्सबाई माझ्यासाठी गोळी घेऊन आल्या. पिशवीत पायमोजे ठेवताना एक मोजा जड लागला. आत लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली. मी ती तुमच्यासमोर काढून फळीवर ठेवली. तुम्ही आढ्याकडं बघत होतात. माझी दोन लुगडी मी त्याच पिशवीत तळाला घातली होती, ती तुम्ही बघितली असणार.

सोमवारी पहाटे तुम्ही नेहमीसारखे खुर्चीवर येऊन बसलात. नितीन गाडी घेऊन आठला येणार होता. मी वासरू लावलं, ओढलं, कास धुतली. त्या दिवशी बांडीनं लगेच पान्हा सोडला. तुम्ही मागून म्हणालात, "बघ, आला तुजा हात." तेवढंच. आवाज बारीक होता, पण दम लागल्यासारखा नव्हता.

मी रात्रीच मनाशी ठरवलं होतं. धारेचा आवाज सुरू झाला की तुमचा श्वास सरळ चालायचा, ते मी दोन-तीन दिवस ऐकत होते. दवाखान्यात पडून तुम्ही गोठ्याचीच काळजी केली असतीत. म्हणून मी म्हणाले, "बांडे, त्यांना सांग, ऱ्हाते मी घरी. रुसून न्हाई, मनापासनं सांगते. सकाळची धार काढून येष्टीनं मंचरला यीन, संध्याकाळच्या धारंला माघारी यीन. रोज. एवढं तरी म्हना, येत जा."

मग मी थांबले. तुम्ही काही म्हणाला नाहीत.

मला वाटलं, विचार करताय. मग वाटलं, हसताय. कासेत दूध ठेवायचं नाही, शेवटची धारसुद्धा काढायची, असं तुम्हीच शिकवलं होतं, म्हणून मी मागं बघितलं नाही. तिन्ही सड रिकामे केले. परत एकदा म्हणाले, "बांडे, विचार की त्यांना." मग बादली उचलून वळले. तुम्ही जाळीला टेकून बसला होतात. मान थोडी माझ्या बाजूला झुकली होती. झोप लागली की जशी झुकायची, तशीच. मी बादली नीट खाली ठेवली, सांडू दिली नाही. मग तुम्हाला हाक मारली.

मला तुम्हाला एवढंच विचारायचं आहे. मी राहते म्हणाले ते तुम्ही ऐकलंत का? की भांडण तसंच ठेवून गेलात, मी अजून हट्ट धरून बसलेय असं वाटून? मंदा म्हणते, ऐकलं असणार, नाहीतर मान माझ्याकडं कशी झुकली? ती मला बरं वाटावं म्हणून म्हणते. मला तरी रोज तसंच वाटतं असं नाही. कधी वाटतं, कधी वाटत नाही.

आठला गाडी आली. नितीन गाडीतून उतरला तो हसत हसत, तात्या झाले का तयार, असं विचारत. त्याला मी काही सांगितलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं.

दवाखान्यासाठी उचललेल्या पैशांतले थोडे त्या गाडीला, बाकीचे तुमच्या दिवसकार्याला गेले. नितीन म्हणाला, "आई, गटाचं मी भागवतो. आन् बांडीला गिऱ्हाईक बोलावलंय, तू चाकणला चल माज्याकडं." बेल्ह्याच्या बाजारातला एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. बांडीभोवती फिरला, कासेखाली हात घातला, म्हणाला, "मावशी, एका सडाची खोट हाय. तरी पर भाव चांगला देतो."

मी ओसरीवर डोक्यावर पदर घेऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, "गाय द्यायची न्हाई."

नितीन जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "आई, तूच म्हनत व्हतीस ना इका म्हणून? तात्यांशी भांडत व्हतीस."

"तवा तात्यांपाशी ऱ्हायचं व्हतं म्हणून म्हनत व्हते."

"आन् गटाचं पैसं?"

"ते मी उभं राहून मागितल्यात. मीच देनार."

व्यापारी चहा पिऊन गेला. भला माणूस होता. जाताना मला म्हणाला, "मावशी, दोन टायमाला पेंड बदलू नका." नितीन दोन दिवस माझ्याशी कमी बोलला. मग शनिवारी आला तेव्हा पेंडीचं पोतं घेऊन आला.

तुमच्यामागं पहिल्या दिवसांत बांडीनं पान्हा चोरला. मी मुक्यानंच बसत होते. तोंड उघडलं की रडू यायचं, आणि रडणाऱ्या माणसाजवळ ती पाय आपटायची. कास ताठरायला लागली. मला दगडीचं भय वाटलं. मग एका सकाळी मी तिला रागानंच म्हणाले, "तुज्यापायी हे मला दवाखान्यात येऊ देत नव्हते, आन् आता तू बी देत न्हाईस?" ती कान हलवून थांबली. मग मी सगळं बोलत गेले. तुम्हाला बोलायचं होतं ते, नितीनला बोलायचं होतं ते, डॉक्टरांना, देवाला. बादली भरली. आता मी रोज बोलते. कुंपणापलीकडं मंदा उभी राहून ऐकते ते मला ठाऊक आहे, म्हणून काही गोष्टी तिथं बोलत नाही. त्या इथं लिहिल्या.

अहो, धार शिकवायला तुम्ही मला मुद्दाम बसवलंत का? पुढचं तुम्हाला कळलं होतं का? मी असं कुणाला विचारत नाही, लोक लगेच हो म्हणतील. मला वाटतं तुम्हाला काही कळलं नव्हतं. तुम्हाला आठवड्यानं घरी यायचं होतं आणि आल्यावर बांडी तिन्ही सडांनी दूध देताना बघायची होती. लोणच्याची बाटली लपवणारा माणूस मरायच्या तयारीत नसतो.

डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. त्यातून पेंड आणि घरखर्च काढून उरेल ते गटात भरत गेले. कधी थोडं, कधी बरं. बांडी गाभण राहिल्यावर दूध उतरलं तेव्हा दोन हप्ते अगदी बारीक गेले, तरी चुकवले नाहीत.

आज बैठक होती. मी आता भिंतीला टेकत नाही, पुढं बसते, कारण मागं बसलं की मंदाचं ऐकू येत नाही. तिनं माझं नाव घेतलं. मी उभी राहून शेवटचे पैसे तिच्या हातात दिले. तिनं ते लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाली, "वैनींकडं बाकी काय न्हाई." एक नवीन सून आली आहे गटात, तिला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "मावशी, कशाला उचललं व्हतं?"

मी सांगितलं, "यांना दवाखान्यात न्यायला."

"मंग आता कसं हाय त्यांचं?"

मंदानं तिला कोपर मारलं. मी म्हणाले, असू दे, तिला काय ठाऊक. आणि मी तिला सांगितलं की आम्ही तिथवर गेलोच नाही. उभी राहून, सगळ्यांसमोर, न अडखळता सांगितलं.

आपण ज्या दवाखान्यात पोचलो नाही, त्याचे पैसे आज सगळे फिटले.